एकाच मालकिणीची हिरवी ब्यूक

अर्विला आत्याने गाडी विकायला काढली ती मानेपायी. त्या हिवाळ्यात तिची मान डावीकडे वळेनाशी झाली. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने मान ठीकच आहे, पण आता गाडी चालवणं बंद करा.

"डावीकडे वळत नाही ना?" आत्या म्हणाली. "मग मी उजवीकडेच वळत जाईन."

आणि खरोखर, हिवाळा सरून गाडी बाहेर निघाल्यावर दोन-तीन आठवडे ती गावात फक्त उजवीकडे वळून फिरली. आमचं नॉर्डाल केवढंसं गाव. उजवीकडे वळत राहिलं तरी माणूस कुठेही पोचतो, फक्त धीर पाहिजे. चर्चला जायला तिला बँकेला, शाळेला आणि दुधाच्या डेअरीला प्रदक्षिणा घालावी लागे, पण पोचायची वेळेवर. मग एप्रिलमध्ये ओढ्यावरचा पूल दुरुस्तीला निघाला आणि तिचा वळसाच तुटला. एका सकाळी ती डेअरीभोवती फिरत राहिली. डेअरीतली माणसं पहिल्यांदा हात करून हसली, नंतर नुसता हात करू लागली, आणि शेवटी त्यांनी गावच्या पोलिसाला, डेप्युटी डुएनला, फोन केला. डुएनने लहानपणी आत्याच्या हातचे पाठीत पुष्कळ धपाटे खाल्ले होते. त्याने टोपी काढून हातात धरली आणि विचारलं, "मिस ब्रेकेन, तुम्हाला थांबायचंय का?"

"कधीपासून," आत्या म्हणाली.

त्या संध्याकाळी तिने मला बोलावून घेतलं. मी तिच्या भावाचा मुलगा, डेल. गावात माझं हार्डवेअरचं दुकान आहे, त्यामुळे खिळ्यापासून दुखण्यापर्यंत सगळं माझ्याकडे येतं. "गाडी विकायची," ती म्हणाली. "जाहिरात लिही. मी सांगते तशी."

ती गाडी म्हणजे बासष्ट सालची ब्यूक. चार दारांची, कोवळ्या मटारच्या रंगाची. आत्या तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. त्या काळी आमच्याकडच्या बिनलग्नाच्या बायका साठवलेल्या पैशांतून शिवणयंत्र घेत, आत्याने ब्यूक घेतली. लग्नाचं विचारणारेही दोघे-तिघे होते असं म्हणतात, पण ते सगळे बूट न पुसता गाडीत बसले.

सीटवरचं प्लास्टिकचं आवरण तिने आजतागायत काढलेलं नव्हतं. उन्हाळ्यात त्यावर बसलेलं माणूस उठताना फाडकन आवाज होई, आणि आत्या आरशातून अशी बघे की जणू त्याने मुद्दाम केलं. हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकायला लागले की गाडी शेडमध्ये, चार गोधड्यांखाली. बर्फ तिने फक्त खिडकीतून पाहिला, म्हणजे गाडीने शेडच्या खिडकीतून.

आणखी एक गोष्ट होती, ती गावात सगळ्यांना ठाऊक होती आणि कोणी बोलत नसे. आत्याला गाडी मागे घेता येत नव्हती. तरुणपणी वडिलांचा ट्रक मागे घेताना तिने अंगणातला पाण्याचा पंप आडवा केला होता. तेव्हापासून तिने ठरवलं, मागे जायचंच नाही. आजोबांनी शेडला मागच्या बाजूने दुसरं दार काढून दिलं. चर्चच्या आवारातली कडेची जागा, जिथून सरळ बाहेर पडता येतं, ती तिच्यासाठी कायम मोकळी राहू लागली. एवढ्या वर्षांत ब्यूक एक वीतही मागे गेली नव्हती.

तर जाहिरात अशी गेली: "विकणे आहे. ब्यूक, १९६२, फिक्कट हिरवी, एकच मालकीण. हिवाळा पाहिलेला नाही. मागे कधी गेलेली नाही. फालतू माणसांनी येऊ नये."

शेवटचं वाक्य काढूया असं माझी बायको जोअ‍ॅन म्हणाली. आत्या म्हणाली, मग जाहिरात द्यायची कशाला?

तरी फालतू माणसं आलीच. एकाने आल्या आल्या टायरला लाथ मारून पाहिली. आत्याने त्याला दारातूनच परत पाठवलं. मिलवॉकीचं एक जोडपं कुत्रा घेऊन आलं, आणि कुत्रा आत्याला आवडला, पण जोडपं नाही. मॅडिसनचा एक तरुण म्हणाला, इंजिन नवं टाकीन आणि गाडी खाली घेईन.

"खाली म्हणजे कुठे?" आत्याने विचारलं.

"जमिनीलगत. सध्या तशी पद्धत आहे."

"जमिनीत आपण सगळेच जाणार आहोत," आत्या म्हणाली. "गाडीला घाई नाही."

मग शिकागोहून लेनर्ड वोयचिक नावाच्या गृहस्थांचा फोन आला. त्यांचं तिकडे चष्म्यांचं दुकान होतं. त्यांनी किंमत विचारली नाही, किती मैल झाले विचारलं नाही. एवढंच विचारलं, "तिला भेटायला केव्हा येऊ?"

आत्या रिसीव्हरवर हात ठेवून मला म्हणाली, "हा माणूस बरा दिसतो." आणि त्यांना म्हणाली, "गुरुवारी या. सकाळी अकरा वाजता."

जोअ‍ॅन ताटं पुसत होती, ती थांबली. "आत्या, गुरुवारी अकराला बोर्गहिल्डची अंत्ययात्रा आहे."

"केव्हा काय आहे ते मला ठाऊक आहे," आत्या म्हणाली आणि फोन ठेवला.

बोर्गहिल्ड क्वामे ही आत्याची मैत्रीण. म्हणजे एके काळची. शाळेत एका बाकावर, एक्स्चेंजमध्ये शेजारशेजारच्या खुर्च्यांवर, चर्चच्या गायनात एकाच वहीवर. दोघी मिळून गावातले सगळे फोन ऐकायच्या आणि कोणाला काही सांगायच्या नाहीत, फक्त एकमेकींना. मग एका ऑगस्टमध्ये दोघी ब्यूकमधून राज्याच्या जत्रेला निघाल्या आणि वेगवेगळ्या परत आल्या. आत्या ब्यूकमधून आणि बोर्गहिल्ड दुधाच्या ट्रकमधून. त्या दिवसापासून दोघी एकमेकींशी एक शब्दही बोलल्या नाहीत. काय झालं ते कोणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे प्रत्येकाला वेगवेगळं माहीत होतं. आणि आता बोर्गहिल्ड झोपेतच गेली होती, शांतपणे, आपल्या भावाच्या घरी.

गुरुवारी वोयचिक बसने आले. बुटके, गोल, डोक्यावर हॅट आणि हातात छोटी बॅग. सौदा झाला तर गाडी चालवतच परत जायचं म्हणून ते बसने आले होते. शेडचं दार उघडल्यावर त्यांनी हॅट काढली. बॅगेतून पांढरे सुती हातमोजे काढून घातले. गाडीभोवती ते चवड्यांवर चालले आणि माझ्याशी कुजबुजत बोलले, जणू आत कोणी झोपलं होतं.

"हा रंग मूळचा?"

"मूळचा," आत्या म्हणाली. तिने आपला निळा, चांगला पोशाख घातला होता. गिऱ्हाईक यायचं म्हणून, असं तिने मला न विचारता सांगितलं होतं.

"आणि जाहिरातीत म्हटलंय, मागे कधी..."

"कधीच नाही."

वोयचिकनी डोळे मिटले. "म्हणजे रिव्हर्स गियर कारखान्यातून निघाला तसाच आहे. कोराच." ते आत्याकडे वळले. "बाई, मी तीस वर्षं गाड्या बघतोय. अशी कुमारिका मी पाहिलेली नाही."

मी आत्याकडे पाहायचं टाळलं.

मग त्यांनी मागचं दार उघडलं, आत डोकं घातलं आणि श्वास घेतला. बाहेर आले, पुन्हा आत गेले. "अगदी किंचित," ते म्हणाले. "म्हणजे तक्रार नाही. पण व्हिनेगरसारखा काही वास येतो का?"

आत्याचा चेहरा एकदम दगडासारखा झाला. "नाही," ती म्हणाली. "चला, चालवून बघा. मी मागे बसते. डेल, तू पुढे बस. वाट मी सांगेन."

तिची वाट म्हणजे अर्थातच सगळी उजवीकडची. पण पूल बंद होता, हे तिच्या लक्षात राहिलं नाही, किंवा राहिलं, मला आजही खात्री नाही. डेअरीपाशी आम्ही उजवीकडे वळलो, शाळेपाशी उजवीकडे वळलो, पुलाच्या अडथळ्यापाशी पुन्हा उजवीकडे वळावं लागलं, आणि बघतो तर समोर चर्चचा रस्ता. रस्त्याच्या मधोमध डेप्युटी डुएन उभा. त्याच्यापुढून काळी शववाहिका निघालेली आणि मागे गाड्यांची रांग खोळंबलेली.

डुएनने ब्यूक पाहिली. आता या गावात ती गाडी न ओळखणारं कोण आहे? त्याला वाटलं, शेवटी मिस ब्रेकेन आल्या. त्याने मागच्या सगळ्या गाड्यांना हात दाखवून थांबवलं, टोपी छातीशी धरली आणि आम्हाला अदबीने शववाहिकेच्या थेट मागे घेतलं.

वोयचिक कायदा पाळणारे गृहस्थ होते. गणवेशातला माणूस ये म्हणाला, ते गेले.

"हे कुठे चाललोय आपण?" त्यांनी थोड्या वेळाने विचारलं.

"कब्रस्तानात," मी म्हणालो.

"असं का." त्यांनी शववाहिकेपासूनचं अंतर थोडं वाढवलं. "चालवून बघायला नेहमी हाच रस्ता घेता?"

"मागे घ्या," मी त्यांना म्हणालो. "तिथे शेताच्या फाटकात मागे घेऊन वळवा."

"डेल," मागून आवाज आला. "ही गाडी मागे जाणार नाही."

"नाही, नाही," वोयचिकही म्हणाले. "माझ्या हातून तर नाहीच."

"मग कडेला घ्या, सगळ्यांना पुढे जाऊ दे."

आम्ही तिघांनी कडेला पाहिलं. बर्फ वितळून गेल्यानंतरचा चिखल, घोटाभर. वोयचिकनी मान हलवली. आत्यानेही हलवली, उजवीकडे. त्या दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं ते तिथे, आणि माझं तिथे काही चाललं नाही.

"आणि दिवे लावा," आत्या म्हणाली. "अंत्ययात्रेत दिवे न लावता जायची काय रीत आहे?"

वोयचिकनी दिवे लावले. मागे सेल्मर क्वामेचा पिकअप होता. सेल्मर म्हणजे बोर्गहिल्डचा थोरला भाऊ, कानाशी ओरडल्याशिवाय काही ऐकू न येणारा. शववाहिकेच्या मागे पहिला मान त्याचा होता. मी आरशात पाहिलं, त्याला राग आलेला दिसला नाही. उलट तो आमच्याकडे बघून हात हलवत होता.

टेकडीवर पोचल्यावर मी म्हणालो, "आत्या, आपण गाडीतच बसू. होईल दहा मिनिटांत."

"लोक काय म्हणतील?" आत्या म्हणाली आणि दार उघडून उतरली. फाडकन आवाज झाला. सगळ्यांनी वळून पाहिलं.

आम्ही कबरीपाशी जाऊन मागे उभं राहायच्या बेतात होतो, तेवढ्यात सेल्मरने येऊन वोयचिकचा दंड धरला. "ऑर्व्हल," तो म्हणाला. बहिरी माणसं बोलतात तसं, अख्ख्या टेकडीला ऐकू जाईल असं. "आलास. मी म्हणत होतो सगळ्यांना, ऑर्व्हल येणार म्हणजे येणार."

ऑर्व्हल हा सेल्मर-बोर्गहिल्डचा सिएटलचा चुलतभाऊ. शाळेत असताना गाव सोडून गेला, त्यानंतर त्याला कोणी पाहिलं नव्हतं.

"मी ऑर्व्हल नव्हे," वोयचिक म्हणाले. "मी शिकागोचा."

"दमला असशील," सेल्मर म्हणाला. "लांबचा प्रवास."

"मी गाडी बघायला आलोय."

"हो ना, बिचारी. झोपेतच गेली."

त्याने वोयचिकना धरून पार पुढे नेलं, नातेवाइकांच्या ओळीत. तिथे हातमोजे घातलेले ते एकटेच, त्यामुळे सगळ्यांत व्यवस्थित दिसत होते. पास्टरबाईंनी प्रार्थना संपवली. त्या गावात नवीन होत्या, कोण कोणाचं कोण हे त्यांना अजून उमगायचं होतं. सेल्मर त्यांना म्हणाला, "आता ऑर्व्हल दोन शब्द बोलेल."

वोयचिकनी आमच्याकडे पाहिलं. बुडणारा माणूस काठाकडे पाहतो तसं. आत्या पुढे झाली आणि त्यांच्या कानाशी म्हणाली, "बोला काहीतरी. सेल्मरला नाही म्हटलेलं ऐकू येत नाही."

त्यांनी हॅट छातीशी धरली.

"मी आजच आलो," ते म्हणाले. "खरं तर मी हिला ओळखत नाही. उशिरा आलो, याचं वाईट वाटतं." त्यांनी शवपेटीकडे पाहिलं, मग नजर आपोआप खाली फाटकापाशी उभ्या असलेल्या ब्यूककडे गेली, आणि त्यांचा आवाज स्थिर झाला. "पण हल्ली असं काही बघायला मिळत नाही. त्या काळची घडण वेगळीच होती. वजनदार. आज सगळं हलकं आणि बदलून टाकायचं. इथे आतलं-बाहेरचं सगळं मूळचं. वरून नवा रंग चढवलेला नाही."

"खरंच," माझ्यामागे कोणीतरी हळूच म्हणालं, "बोर्गहिल्डने केस कधी रंगवले नाहीत."

"एवढी वर्षं एकाच घरात," वोयचिक पुढे म्हणाले, "एकाच माणसाच्या जिवापाड काळजीत. ऊन, बर्फ, काही लागू दिलं नाही. लोक बाहेरून बघतात आणि म्हणतात, जुनं झालं. पण सुरू झाल्यावर जो आवाज येतो..." इथे त्यांना पुढे काय म्हणावं सुचेना.

"गायची सुंदर," पास्टरबाई म्हणाल्या.

"ज्याने सांभाळलं त्याचे आभार," वोयचिकनी संपवलं. "आता पुढे कोणाच्या हाती जायचं असेल, तर ते हात चांगले असू देत."

सगळ्या टेकडीवर रुमाल निघाले. आमेन असं आमच्याकडे सहसा कोणी मोठ्याने म्हणत नाही, आम्ही तसे संकोची लोक. पण त्या दिवशी दोघे म्हणाले. सेल्मरला एक अक्षर ऐकू आलं नव्हतं, तरी त्याने वोयचिकना मिठी मारली.

त्यानंतर आम्ही तिघे निघून जाऊ शकलो असतो. पण चर्चच्या तळघरातल्या जेवणाला नाही म्हणणं आमच्या गावात आजवर कोणाला जमलेलं नाही. बायांनी वोयचिकना मधल्या टेबलाशी बसवलं. हॅमचे बन, भट्टीत भाजलेलं बटाट्याचं हॉटडिश, गाजराचा कीस घातलेली हिरवी जेली. ताट रिकामं व्हायच्या आत पुन्हा भरलं जात होतं. ते प्रत्येकीला सांगत होते, की मी ऑर्व्हल नव्हे, आणि प्रत्येक बाई म्हणत होती, इतक्या वर्षांनी आलं की माणसाला परकं वाटतंच, अजून थोडं हॉटडिश घ्या.

आत्या कडेच्या खुर्चीत कॉफीचा कप धरून बसली होती. कॉफी पीत नव्हती. कॉफीची किटली घेऊन फिरणारी आयोनी, जिला गप्प बसणं माहीत नाही, तिने सरळ विचारलं, "अर्विला, तू बोलणार नाहीस का? आम्हाला वाटलं तू यायचीच नाहीस."

आत्याने कप खाली ठेवला आणि उभी राहिली. ती बोलली तेव्हा तिने कोणाकडेच पाहिलं नाही. मानेमुळे तिला पाहता येत नव्हतंही.

"बोर्गहिल्डने माझ्या गाडीत हेरिंग माशांची बरणी उघडली," ती म्हणाली.

आयोनीने किटली ओतता ओतता थांबवली.

"जत्रेला जाताना. मी तिला सांगितलं होतं, गाडीत खायचं नाही. ती म्हणाली, मी खात नाहीये, नुसती उघडून बघतेय. रस्त्यात खड्डा आला. व्हिनेगर, कांदा, सगळं सीटच्या फटीत. मी गाडी थांबवली आणि तिला म्हटलं, उतर. ती उतरली. बरणी घेऊन. मी ठरवलं होतं, आरशात बघायचं नाही. पण बघितलं. ती रस्त्याच्या कडेला उभी राहून उरलेले हेरिंग खात होती. मजेत. बोटांनी."

कोणीतरी फिसकन हसलं आणि खोकल्याचं सोंग केलं.

"त्याचा मला जास्त राग आला," आत्या म्हणाली. "ती रडत असती तर मी परत गेले असते. पण परत जायचं म्हणजे गाडी मागे घ्यायची, आणि ती मला येत नाही. पुढे वळायला जागा मिळाली तोवर तिला दुधाचा ट्रक मिळाला होता."

आता हसू आवरेना. आयोनीने किटली टेबलावर ठेवली आणि एप्रनने डोळे पुसले. आत्या हसत नव्हती.

"मी दर रविवारी तिच्या घरावरून जायचे. वाकडी वाट करून. हळू. तिने एक हात वर केला असता तरी थांबले असते. तिने केला नाही. आता करायची नाही." आणि ती खाली बसली. मी तिच्याशेजारी जाऊन बसलो, पण तिच्या पाठीवर हात ठेवायचं धाडस मला झालं नाही.

सेल्मर सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होता. "काय म्हणते ती?" त्याने विचारलं. पास्टरबाई त्याच्या कानाला लागल्या आणि सगळं ओरडून सांगितलं. हेरिंग, आरसा, रविवार, सगळं. म्हणजे आम्ही ते दुसऱ्यांदा ऐकलं, आणि दुसऱ्यांदा ऐकताना आत्या लाल झाली.

"रविवारी हळू जायची ती?" सेल्मर म्हणाला. "बोर्गहिल्डला वाटायचं, हिच्या गाडीतलं पेट्रोल संपत आलंय. दर रविवारी खिडकीशी बसायची. म्हणायची, बघ सेल्मर, आज बंद पडणार, आज ती दार ठोठावणार. गोठ्यात पेट्रोलचा डबा भरून ठेवला होता तिने. जुना झाला की मला ओतायला लावायची आणि नवा भरून आणायची. मी म्हटलं, अगं, तू जाऊन बोल ना तिच्याशी. तर म्हणाली, मी का? हेरिंग माझं सांडलं."

आत्याने कॉफीचा कप बाजूला सारला. मग म्हणाली, "मूर्ख बाई." आणि इतकी रडली, की आयोनीसुद्धा गप्प बसली.

तेवढ्यात तळघराच्या जिन्यावरून एक उंच, वाकलेला म्हातारा उतरला. चिखलाने बरबटलेले बूट, हातात नकाशा. म्हणाला, पूल बंद होता, तासभर गावाभोवती फिरतोय, एका डेअरीभोवतीच पाचेकदा गेलो. मी ऑर्व्हल क्वामे, सिएटलचा.

सगळ्यांनी सेल्मरकडे पाहिलं. डुएनने त्याच्या कानात ओरडून सांगितलं, "हा ऑर्व्हल."

सेल्मरने नव्या माणसाकडे नीट पाहिलं, मग वोयचिककडे पाहिलं. "नाही," तो म्हणाला. "ऑर्व्हल तो. तो बोलला ना मघाशी. हा बहुधा खुर्च्या न्यायला आलाय."

आणि आमच्या पद्धतीप्रमाणे कोणी वाद घातला नाही. खऱ्या ऑर्व्हलला कॉफी दिली, बन दिला आणि जेवणं झाल्यावर खुर्च्यांच्या घड्या घालायला लावल्या. त्याने त्या मुकाट्याने घातल्या. तोही शेवटी क्वामेच.

बाहेर आवारात वोयचिकनी हॅट हातात फिरवत आत्याला म्हटलं, "बाई, मी पुन्हा कधीतरी येतो. आजचा दिवस याचा नव्हे."

"आजचाच," आत्या म्हणाली. "मला ती आता शेडमध्ये बघवायची नाही. शिवाय तुम्ही तिच्याबद्दल चांगलं बोललात."

"मी गाडीबद्दल बोलत होतो," वोयचिक म्हणाले. ते खोटं बोलणारे नव्हते.

"मला समजलं होतं. बोर्गहिल्डलाही समजलं असतं. पोट धरून हसली असती." तिने किंमत सांगितली, ती आधी ठरवलेल्यापेक्षा कमी होती. त्यांनी आधी ठरवलेली दिली. दोघांनी त्यावर थोडं भांडूनही घेतलं. मग तिने मागच्या सीटवरची आपली शाल काढून घेतली, चाव्या त्यांच्या हातमोज्यावर ठेवल्या, आणि ब्यूक त्या कडेच्या जागेतून सरळ बाहेर पडून दक्षिणेला गेली. ती वळणाआड होईपर्यंत आत्या उभी होती.

वोयचिक अजून आमच्याकडे येतात. नाताळच्या आधी चर्चमध्ये मासळीचं मोठं जेवण असतं, त्याला सेल्मर त्यांना दर वर्षी आवर्जून बोलावतो. मागच्या वेळी बायकोला घेऊन आले होते. बाई गोंधळून गेल्या, कारण अर्धं गाव त्यांच्या नवऱ्याला ऑर्व्हल म्हणत होतं आणि ते ओ देत होते.

गाडी गेल्यावर शेड रिकामी झाली. मला वाटलं, आता आत्या खचणार. जोअ‍ॅनने तर तिला आमच्याकडे राहायला ये म्हणूनही सुचवलं. पण पुढच्याच आठवड्यात ती दुकानात आली, पायी, आणि जाळी मागितली.

"कशाला?"

"कोंबड्या पाळतेय. शेडमध्ये."

कोंबड्यांना बसायला दांडे करून द्यायला सेल्मर आला. एका दिवसाचं काम त्याने महिनाभर पुरवलं. अजूनही दर दोन दिवसांनी काहीतरी ठोकायला येतो. आत्या त्याच्याजवळ खुर्ची टाकून बसते आणि त्याच्याशी बोलते. बहिऱ्या माणसाशी बोलायचं म्हणजे ओरडून बोलावं लागतं, त्यामुळे आत्याने आयुष्यभर कोणाला सांगितलं नव्हतं ते सगळं आता आमच्या आळीला ऐकू येतं. एक्स्चेंजमध्ये असताना तिने काय काय ऐकलं तेही. परवा बँकवाल्या हॉगेनच्या आईचं प्रकरण निघालं, तेव्हा समोरच्या घरातल्या बायका भाजी निवडायला म्हणून बाहेर येऊन बसल्या. सेल्मर मध्येच ठोकणं थांबवतो आणि म्हणतो, "काय म्हणालीस?" मग ती पुन्हा सांगते, आधीपेक्षा मोठ्याने.